अकोल्याच्या गाळलेल्या ओळी

अमरावती
४ एप्रिल २०२५

प्रिय नीलम,

सप्रेम जयभीम.

काल महादेवराव साहेबांनी इथे मुख्यालयाच्या बैठकीत तुझा अहवाल वाचून दाखवला. अभिनंदन. या शब्दाआधी मी 'मनःपूर्वक' लिहिलं होतं, ते खोडलं. ते पूर्ण खरं नव्हतं.

फोन करता आला असता. पण फोन आपण मावशीच्या बीपीसाठी आणि लग्नाच्या तारखांसाठी ठेवलाय. तुझी अकोल्याला बदली झाली तेव्हापासून तोंडाने बोलायला जड जाणारं सगळं आपण बियाण्याच्या नमुन्यांच्या थैलीत टाकत आलो. आपल्या बियाणे संस्थेची जीप मूर्तिजापूरमार्गे जाते-येतेच, तिला एका पाकिटाचं काय ओझं.

अहवाल चांगला आहे. फेब्रुवारीत अकोल्याचा सर्व्हर भरून बंद पडला, दिवसभर बिलं निघाली नाहीत, तेव्हा सगळे म्हणाले नवी डिस्क मागवा. मीही तेच म्हणालो. तू आत काय भरलंय ते पाहिलंस. सर्व्हर स्वतःची जी रोजनिशी लिहितो, तो लॉग, त्यातल्या बहुतेक ओळी आपल्याच मॉनिटरिंगच्या निघाल्या. सर्व्हर नीट चाललाय ना हे बघायला तो पहारेकरी दर मिनिटाला आत येतो, बघतो, जातो. आणि दर वेळी आलो, बघितलं, गेलो असं लिहवून घेतो. 'पहाऱ्याच्या नोंदींनीच घर भरलं' हे तुझं वाक्य महादेवरावांनी दोनदा वाचलं. लोक हसले. मग टाळ्या झाल्या.

मीही वाजवली, पण उशिरा. सगळ्यांच्या थांबत आल्या तेव्हा माझी सुरू झाली, त्यामुळे ती एकटीच ऐकू आली. लेखा विभागातल्या वर्षालीताईंनी वळून पाहिलं. त्यांना वाटलं असेल, बहिणीचं कौतुक याला आवरत नाही.

तसं नव्हतं. मला हेवा वाटला. बाकीचे सकाळच्या चहाबरोबर पेपर वाचतात, मी लॉग वाचतो, मुख्यालयाचा आणि अकोल्याचा. इतकी वर्षं त्या आलो-गेलोच्या ओळी माझ्या डोळ्यांसमोरून गेल्या, आणि त्या मुळात लिहिल्याच जाऊ नयेत हे मला सुचलं नाही. सुचलं ते तुला, जिला माऊस धरायला मी शिकवलं. हे शेवटचं लिहायला नको होतं. पण डायरीत लिहून बसलोय, आणि डायरीत एक, पत्रात दुसरं असं मला जमत नाही.

आईला सांगितलं. म्हणाली, "पोरीनं नाव काढलं बापा. अन् तू काय करतं रे तिथं इतकी वर्सं?"

मी म्हटलं, वाचतो.

"वाचून काय भेटलं?"

नियम नेमका कसा लिहिलास ते पाठव. इथेही लावायचा आहे.

तुझा,
धर्मेंद्र


अकोला
८ एप्रिल

धर्मादादा,

जयभीम.

टाळी उशिरा वाजवली हे सांगायले माणूस पत्र लिहिते का? मी इतकी हसली का बंडू शिपाई दाराशी येऊन उभा राहिला, मॅडमले काय झालं म्हणून. मग माऊसवाली ओळ आली आन् हसू थांबलं.

तू शिकवलं हे मी कुठं नाही म्हणते? अहवालाच्या शेवटच्या पानावर तुझं नाव घेऊन लिहिलं होतं. साहेबांनी शेवटचं पान वाचलं नसन, त्याले मी काय करू? मनकर्णामावशीले सांग, तिच्याच घरी राहून, तिच्याच पोराच्या कॉम्प्युटरवर शिकली मी.

नियम सोपा आहे. पहारेकऱ्याच्या खात्यावरून चार तऱ्हेच्या ओळी येतात : सेशन उघडलं, सेशन बंद झालं, सेवा सुरू झाली, सेवा संपली. या चारी डिस्कवर उतरायच्या आधीच गाळून टाकायच्या. बाकी काहीले हात लावायचा नाही. खरी गडबड असन ते राहते. सोबतच्या कागदावर जसाच्या तसा लिहून देऊन राहिली.

तुले वाटत असन मी लै डोकं लावलं. आईमुळं सुचलं रे. बाळापूरच्या घरी आई पाणी प्यायले उठली तरी ओरडते, 'उठली वं मी'. बसली तरी सांगते, 'बसली वं'. मागच्या दिवाळीत मोरीत पडली आन् हाक मारली, तर आमी सगळे गप्पा करत बसलो. रोजचंच ओरडणं समजलो. नशीब, हाड मोडलं नाही. तवापासून डोक्यात बसलं होतं, फुकटचं बोलणं कमी झालं पायजे म्हणजे कामाचं ऐकू येईन.

साहेब मागच्या हप्त्यात इकडे आले होते. थंड खोली पाहिली, चहा घेतला, गेले. ऊन आत्ताच लै तापून राहिलं.

नीलू


अमरावती
१५ एप्रिल

प्रिय नीलम,

सप्रेम जयभीम.

काल जयंतीला तू येशील असं वाटलं होतं. इर्विन चौकात दोनदा तुझ्यासारखी साडी दिसली, दोनदा दुसरंच कोणी निघालं. आईने तुझ्या वाटचा शिरा झाकून ठेवला होता, तो मी खाल्ला.

आता कामाचं. तुझा नियम मी नीट वाचला, आणि त्यात एक भोक आहे.

अकोल्याच्या थंड खोलीवर नजर ठेवणारा छोटा प्रोग्राम त्याच पहारेकऱ्याच्या खात्यावर चालतो. मीच बसवलाय. त्या खोलीत तुरीचं पैदासकार बियाणं आहे, ज्याच्यापासून पुढच्या हंगामाचं सगळं बियाणं तयार व्हायचं. तिथला कॉम्प्रेसर क्षणभर बंद पडून पुन्हा चालू झाला, की तो प्रोग्रामही तुटतो, पुन्हा जोडला जातो आणि लिहितो : सेवा सुरू झाली. म्हणजे तुझ्या चार फालतू ओळींपैकीच एक. एकटी आली तर तिला अर्थ नाही. पण एकाच दुपारी ती पुन्हा पुन्हा आली, तर कॉम्प्रेसर ठेचकाळतोय असं समजायचं. एका उन्हाळ्यात मी चहा पिताना ते पाहिलं आणि श्याम मेकॅनिकला फोन केला. पट्टा तुटायला आला होता. तुझ्या नियमाने ही ओळ आता अकोल्यात दिसणारच नाही.

एवढं लिहून मी पेन ठेवलं आणि स्वतःला विचारलं : नियम दुसऱ्या कोणाचा असता, तर तू हे भोक इतकं शोधलं असतंस का? प्रामाणिक उत्तर, नाही. तुझ्या कागदावर मी रविवार घालवला. काहीतरी सापडावं असंच मनात होतं, आणि सापडलं तेव्हा आनंद झाला. तेव्हा या सूचनेत अक्कल किती आणि हेवा किती, तू ठरव.

दुसरं. आज कॅन्टीनमध्ये आमच्या विभागातला ओमप्रकाश सगळ्यांदेखत म्हणाला, "धर्मेंद्रभाऊ, जुलैपासून बहिणीले सलाम ठोकाचा का मंग?" महादेवराव जूनअखेर निवृत्त होताहेत. त्यांच्या जागेसाठी ते तुला विचारायला अकोल्याला गेले होते, हे अख्ख्या कॅन्टीनला माहीत आहे. तू मला लिहिलंस, चहा घेतला, गेले.

चहात साखर किती होती?

धर्मेंद्र


अकोला
१९ एप्रिल

दादा,

साखर पुरेशी होती.

हो, विचारलं त्यांनी. म्हणाले, अर्ज कर, मुख्यालयात ये, संगणक विभाग सांभाळ. मी विचार करून सांगते म्हणली. तुले काहून नाही लिहिलं? कारण तू हेच करशील माहीत होतं, जे आता करून राहिला. मी लहानपणी एका मार्कानं पुढं गेली तरी तू आठ दिवस माझ्याशी 'अहो नीलमबाई' म्हणून बोलायचा. आठवते का?

आता तुझं भोक. खोलीचं तापमान वाढलं का अलार्म वाजते, माझ्या फोनवर घंटी येते. ते मी गाळलं नाही. तपासून पायलं. श्यामभाऊले दार उघडं ठेवायले लावलं, अलार्म असा ठणाणला का बाजूच्या गोडाऊनचे हमाल धावत आले. मग कॉम्प्रेसरनं ठेच खाल्ली का उचकी दिली, मले काय करायचं? खोली थंड आहे ना?

आन् तूच लिहितं, शोधलं ते जळून शोधलं, सापडलं तवा आनंद झाला. मग मी त्याले किती मानू? तुझा सकाळचा पेपर बंद झाला म्हणून रडून राहिला तू. दुसरं काही नाही.

राग आला म्हणून लिहून टाकलं. तरी विचारते, तूच सांग : येऊ का नको येऊ?

नीलू


अमरावती
२७ एप्रिल

प्रिय नीलम,

सप्रेम जयभीम.

तुझं बरोबर आहे. तापमानाचा अलार्म आहे, तो पुरे. महादेवरावांना द्यायला मी तुझ्या नियमावर एक टिपण लिहिलं होतं. ते दिलं नाही, फाडलं. जळून सुचलेली गोष्ट फाईलला लावणं मला योग्य वाटेना. उद्या कोणी विचारलं, हे कोणत्या हेतूने लिहिलं, तर मला मान वर करता आली नसती. तेव्हा मागच्या पत्रातली सूचना मी मागे घेतो. ती आलीच नाही असं समज.

आणखी एक, तुझ्या चहाच्या बदल्यात. त्या जागेसाठी माझा अर्ज मार्चपासूनच पडून आहे. तुला सांगितलं नव्हतं. म्हणजे झाकून दोघांनीही ठेवलं, आणि दम मात्र मी दिला.

ये तू. महादेवरावांची खुर्ची उजवीकडे कलते, पाठीला उशी लागेल. खिडकी पश्चिमेची आहे, दुपारी तीननंतर पडदा ओढल्याशिवाय स्क्रीन दिसत नाही. मला हे इतकं बारीक का माहीत आहे, तर त्यांच्या रजेच्या दिवसांत मी तिथे बसलोय. कामासाठी एकदा. उरलेल्या वेळा नुसताच.

मुख्यालयाच्या सर्व्हरवर तुझा नियम लावला. काल सकाळी लॉग उघडला तर एका पानात संपला. चहा अर्धा उरला होता. मग मी भिंतीकडे बघत तो प्यालो. छान आहे नियम.

तुझा,
धर्मेंद्र


अकोला
२२ मे

धर्मादादा,

जयभीम.

किती दिवस झाले, ना तुझं पत्र ना माझं. तुझं 'छान आहे नियम' वाचून काय लिहावं सुचेना. मग मी अर्ज केला आन् कामात पडली. २ जूनले निवड समितीपुढं मुलाखत आहे. तुलेही त्याच दिवशी बोलावलं असन.

इकडे ऊन म्हणजे ऊन. दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. कूलरच्या टाकीतलं पाणी हाताले चटका देते. पण आपली थंड खोली एकदम शांत, दादा! अख्खा मे चालला, अलार्म एकदा नाही वाजला. बुद्धपौर्णिमेले आईपाशी बाळापूरले गेलती. आईनं खीर केली, मी दिवसभर फोन हातात धरून बसली. मनात तुझं भोक होतं ना! आई म्हणते, "त्या फोनले घास भरव आता." पण नाही वाजला. एकदाही नाही.

समितीसाठी पुरवणी अहवाल लिहून राहिली. त्यात घातलं आहे : 'ऐन उन्हाळ्यात थंड खोलीत कोणताही बिघाड झाला नाही, त्यामुळे लॉग कमी करण्याचा नियम पूर्ण सुरक्षित ठरला.' कसं आहे वाक्य? तुझं मराठी चांगलं म्हणून विचारते.

भीती गेली का आता तरी?

नीलू


अमरावती
२५ मे

प्रिय नीलम,

सप्रेम जयभीम.

तुझी खोली शांत आहे हे वाचून बरं वाटलं. मुलाखतीचं पत्र मलाही आलंय. आईने दोघांसाठीही मेणबत्ती लावली, तुझी जरा मोठी आहे.

वाक्याबद्दल विचारलंस. 'बिघाड झाला नाही' असं लिहू नकोस. 'अलार्म वाजला नाही' असं लिही. तेवढं तुला माहीत आहे, तेवढंच लिहावं. 'पूर्ण सुरक्षित' यातला 'पूर्ण' काढ. जमलं तर सगळं वाक्यच काढ.

का ते विचारू नकोस. मी हे पत्र पाठवावं की नाही यावर दोन जीपा जाऊ दिल्या.

धर्मेंद्र


अकोला
२९ मे

दादा,

'का ते विचारू नकोस' असं लिहिलं का माणूस काय करते? विचारते. तुले नाही, श्यामभाऊले विचारलं.

मी म्हणलं, "श्यामभाऊ, या महिन्यात खोलीचं काही काम झालं का?"

"नाही मॅडम."

"काहीच नाही?"

"काम असं नाही. कॉन्टॅक्टर बदलला फक्त."

"कवा?"

"पौर्णिमेले. सुट्टी होती ना, तवा."

"कोणं सांगितलं बदलायले?"

"तेच तर सांगाचं नाही म्हणे."

"कोण म्हणे?"

"अमरावतीचे साहेब. तुमचे भाऊ." मग डोकं खाजवून म्हणते, "पाहा, तुमीच काढून घेतलं. मी काही सांगितलं नाही."

आतली पट्टी जळून काळी ठिक्कर पडली होती म्हणे. कॉम्प्रेसरले करंट पोचवणारा तोच तर स्विच. आणखी दोन-चार दिवसांत चिकटून बसला असता, आन् मग ते थंडाव्याचं मशीनच गेलं असतं. नवं मशीन नागपूरहून येईस्तोवर बियाणं शिजलं असतं. अलार्म वाजला असता ना, का नाही वाजणार! वाजून काय केलं असतं? मी तिथं उभी राहून ऐकत बसली असती.

मग मी ओमप्रकाशले सांगून तुमच्याकडची अकोल्याच्या लॉगची प्रत मागवली. माझा नियम माझ्या डिस्कवर गाळते, पण तुमच्याकडे जाणारी प्रत त्याच्याही आधी निघते, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. तुझ्या होतं. सगळ्या ओळी पायल्या. पौर्णिमेच्या चार दिवस आधीपासून, दुपार झाली का सेवा सुरू झाली, सेवा सुरू झाली, सेवा सुरू झाली. आई मोरीतून हाका मारून राहिली, आन् मी पुन्हा गप्पा करत बसली होती.

आता माझं ऐक. तुले वाटत असन मी आभार मानीन. मले इतका राग आला का जीपवाल्याले थांबवून तशीच अमरावतीले येणार होती. तू आधी भोक दाखवलं. मग 'जळून सुचलं' म्हणून परत घेतलं. खरं सांगू? तुझ्या भोकवाल्या पत्रानंतर भांडली तरी मी ती ओळ नियमातून वगळणार होती. मग तुझं पुढचं पत्र आलं, 'आलीच नाही असं समज', आन् मी म्हणलं, दादाच म्हणते तर जाऊ दे. तुझ्या मनात काय होतं त्याले मी काय करू रे? कॉन्टॅक्टरले काय माहीत तू जळून सांगितलं का प्रेमानं?

आन् मग चुपचाप दुरुस्त करून टाकलं. मी महिनाभर माझ्या नियमाच्या नावानं नाचून राहिली, तू तिकडं चहा पीत पाहून राहिला. चूक झाली असती तर ते माझी असती. बरोबर झालं तेही माझं नाही राहू दिलं. मले तुझा हेवा वाटला, दादा. पहिल्यांदा. कोणाले न सांगता बरोबर असणं, हे मले कधी जमलं नसतं. मी तर लगेच अहवाल लिहिला असता.

नियम बदलला आहे. ओळी गाळायच्याच, पण थंड खोलीच्या ओळी गाळताना मोजायच्या. रोज सकाळी एकच ओळ निघते : थंड खोली, कॉम्प्रेसर इतके वेळा पुन्हा सुरू. ते ओळ मले येते, आन् तुले येते.

पुरवणी अहवाल फाडला. समितीपुढं सगळं सांगणार आहे, नियमात भोक होतं, तू दाखवलं, मी मानलं नाही, तू बुजवलं. तुले विचारून नाही राहिली. सांगून राहिली.

नीलू


अमरावती
११ जून

प्रिय नीलम,

सप्रेम जयभीम.

तुझ्या पत्राचं उत्तर मुलाखतीआधी द्यायला हवं होतं. दिलं नाही, कारण तू समितीपुढे खरंच सांगतेस का हे मला पाहायचं होतं. हेही लिहून ठेवतो.

श्यामला गुपचूप फोन केला तो तुला त्रास नको म्हणून, असं मी डायरीत लिहिलं होतं. नंतर वाचलं तेव्हा पटेना. बियाण्याची काळजी होती, ती खरी. पौर्णिमेला ऑफिस बंद असताना मी विहारातून परस्पर तिकडे गेलो, किल्ली घेऊन एकटा लॉग बघत बसलो, ती काळजीनेच. पण श्यामऐवजी मी तुलाच फोन करू शकलो असतो. आपण म्हणालो होतो ना, फोन बीपीसाठी. हे बीपीपेक्षा कमी नव्हतं. मी श्यामला केला, आणि वर 'मॅडमना सांगू नको' म्हटलं. कारण तुझ्या खोलीबद्दलची एक गोष्ट अशी असावी, जी तुला माहीत नाही आणि मला आहे. ती मी खिशात घालून फिरलो. तुझं 'एकदम शांत' आलं तेव्हा खिशातल्या खिशात चाचपून पाहिली. चांगलं वाटत होतं, नीलम. तू 'बिघाड झाला नाही' लिहायला निघालीस, तेव्हा मात्र राहवेना. खोटं वाक्य माझ्या बहिणीच्या नावावर जाऊ नये म्हणून, की माझी गोष्ट कोणाला तरी कळावी म्हणून, ते मला अजून सांगता येत नाही.

मुलाखतीत मला विचारलं, अकोल्याचा बिघाड तुमच्या लक्षात कसा आला? मी म्हटलं, वाचून. त्यांनी आणखी काही विचारलं नाही.

काल निकाल लागला. तुला पत्र मिळालं असेल, पण तू बैठकीत नव्हतीस म्हणून सांगतो. महादेवराव म्हणाले, "या पोरीनं मुलाखतीत आधी स्वतःची चूक मांडली, मग दुसऱ्याचं श्रेय. असा माणूस खुर्चीवर पाहिजे." सगळ्यांनी मान डोलावली. बघ आता. चूक तुझी, दुरुस्ती माझी, आणि कौतुक झालं ते सांगण्याचं. रात्री जेवताना आईपुढे एवढं बोललो. ती म्हणाली, "मंग तू काहून नाही सांगितलं?" मी भाजी वाढून घेतली.

हेवा गेला का असं विचारशील. नाही. तो रोज सकाळी माझ्याबरोबर उठतो. फक्त आता त्याच्यासाठी कामाचं काही फाडणार नाही. तुझं ते वाक्य मी डायरीत उतरवून घेतलं : कॉन्टॅक्टरला काय माहीत. यापुढे तुझ्या कामात भोक दिसलं तर जळत जळत सांगेन, आणि मागे घेणार नाही. तूही मग माझा हेतू तपासत बसू नकोस, भोक तपास. हेतूचं काम माझ्याकडे राहू दे, मला सवय आहे.

१ जुलैला येशील तेव्हा थैलीतला पत्रव्यवहार संपेल. दोन टेबलांमध्ये एक भिंत आहे, ओमप्रकाशकरवी पाकीट पाठवलं तर लोक हसतील. मी तरी पाठवीन. खुर्ची मी सुताराकडून सरळ करून घेतली आहे. बसून पाहिली नाही.

रोजची ती एक ओळ इथे येते. आज शून्य आहे. वाचायला क्षणही लागत नाही, म्हणून मी चहाचा कप लहान केला.

आणि टाळी. महादेवराव नाव वाचणार होते, 'श्रीमती' इतकंच म्हणाले होते, तेवढ्यात माझी वाजली. सगळ्यांच्या आधी, एकटी. वर्षालीताईंनी पुन्हा वळून पाहिलं. मी थांबलो नाही. बाकीच्यांच्या सुरू होईपर्यंत वाजवत राहिलो.

तुझा,
धर्मादादा